दोन भोपळे आणि मधे एक गोळी

डब्लिन, गुरुवार, ३१ ऑक्टोबर २०२४. रात्रीचे साडेदहा.

माझी लेक चिऊ आत्ता कुठे झोपली. घोंगडी अजून अंगावरच आहे, काढू दिली नाही. मागच्या मैदानात पोरांनी होळी पेटवली आहे, तिचा धूर खिडकीच्या फटीतून आत येतोय. मी भांडी तशीच ठेवून फोन घेऊन बसले आहे. सोमवारपासून फोनवरच्या एका भुतांच्या खेळाचा एकच डाव चालू आहे आणि तो आज मोडायचा नाही असं ठरवलंय.

यंदा नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. पहाटे पाचला उठून तिघांनी उटणं लावलं, मोती साबण काढला. इथे कारीट मिळत नाही, म्हणून दुकानातून आणलेली बोटभर काकडी दारातल्या कुंडीतल्या तुळशीपुढे ठेवली आणि चिऊने डाव्या पायाच्या अंगठ्याने ती फोडली. “गोविंदा” मात्र अशी ओरडली की समोरच्या घरात दिवा लागला. कारीट, काकडी, भोपळा ही सगळी एकाच कुळातली वेलभावंडं, तेव्हा मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. कडवट रस तेवढा जिभेला लागला नाही.

गेल्या वर्षीचा हा दिवस आठवला की अजून पोटात कालवतं. हॅलोविनला मुलं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागतात, तशी चिऊला घेऊन निघाले, तर आमच्या वसाहतीत एका दारात सांगाडा टांगलेला होता. कोणी जवळ गेलं की त्याचे डोळे लाल व्हायचे आणि तो खदाखदा हसायचा. तेव्हा चिऊ सहा वर्षांची. ती तिथेच बसली आणि कान गच्च झाकून रडायला लागली. पिशवीत एक चॉकलेट न पडता आम्ही परत आलो. पुढे कित्येक महिने ती रात्री एकटी बाथरूमला गेली नाही. मला स्वतःचं लहानपण आठवायचं. वेंगुर्ल्याला आमचं न्हाणीघर घराच्या मागे होतं, आणि माडांमधून चालत जाताना मी पण अशीच जीव मुठीत धरायची.

त्यामुळे फोनवरचा हा भुतांचा खेळ मी तिच्यापासून लपवून खेळत होते. ऑफिसला जाताना लुआसमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये, तीसेक मिनिटं. वरून एकेक वस्तू पेटीत सोडायची. सारख्याला सारखं टेकलं की दोघांचं मिळून पुढचं होतं. गोळी, डोळा, कोळी, वटवाघूळ, घुबड, काळं मांजर, कवटी, पांढरं भूत, ममी, चेटकीण आणि शेवटी दिवा लावलेला भोपळा. अकरा पायऱ्या. नुसत्या गोळ्याच सोडत गेलं तर एका भोपळ्याला १,०२४ गोळ्या लागतील. पण पहिल्या पाच पायऱ्यांमधलं काहीही हाती येतं, म्हणून जमतं. सगळं गोल, गुबगुबीत, गाल आलेलं. ही तऱ्हा जपानी कलिंगडाच्या खेळाची आहे, त्यातही चेरीपासून कलिंगडापर्यंत अकराच फळं. तो २०२१ मध्ये आधी घरातल्या प्रोजेक्टरमध्ये आला, मग डिसेंबरात निन्टेन्डो स्विचवर, आणि २०२३ च्या सप्टेंबरात लोकांनी डोक्यावर घेतला. जोडून वाढवायची ओढ त्याच्याही आधीची. २०१४ मध्ये २०४८ या आकड्यांच्या खेळाने आमच्या पुण्याच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी खाऊन टाकली होती.

जुलैत वेंगुर्ल्याला गेलो. पाऊस असा की तीन दिवस अंगणात पाऊल टाकता आलं नाही. वीज गेलेली. दुपारी मी झोपले आणि जागी झाले तर पडवीत आजी-नात माझ्या फोनवर वाकून बसलेल्या. चिऊच्या हातात तोच खेळ! मी ओढून घेणार तेवढ्यात आई म्हणाली, “थांब गो, मुंजो होतासा.”

आईने सगळ्यांना आपली नावं दिली होती. पांढरं भूत म्हणजे मुंजा, कारण ते लहान मुलासारखं दिसतं. मग मुंजा कोण, पिंपळावर का राहतो, सोडमुंज व्हायच्या आधी गेलेल्या मुलाची गोष्ट, हे सगळं तिने चिऊला शेंगा सोलता सोलता सांगितलं. चेटकीण झाली हडळ. “उलट्या पायांची. म्हणून ती पाय दाखवीत नाय, बघ, ह्या चित्रात पण पाय नाय.” चिऊने चित्र मोठं करून पाहिलं. खरंच पाय नव्हते. ममीपाशी आई जरा अडली, मग म्हणाली, असूदे, हा पाहुणा.

आणि भोपळा म्हणजे देवचार. हे ऐकून मीच चमकले. आई म्हणाली, त्याच्या पोटात उजेड आहे ना, मग तो वाईट कसा असेल? देवचाराच्या हातात पेटती चूड असते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात वहाणा. रात्री गावाची राखण करत फिरतो, वाट चुकलेल्या माणसाला घरापर्यंत आणून सोडतो, आणि त्याला रोट, म्हणजे जाड भाकरी, द्यायचा असतो. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला तशी ती चिऊला आरवलीला घेऊन गेली आणि तिथल्या ग्रामदेवापुढे, वेतोबापुढे, ठेवलेल्या त्या अवाढव्य चपला दाखवल्या. नवसाच्या. चिऊने आपला पाय एका चपलेशेजारी लावून पाहिला, चिमणीएवढा दिसला. वेतोबाच्या चपला झिजतात, कारण तो रात्री चालतो, असं आमच्याकडे मानतात. माझ्या लेकीला त्या रात्री झोप लागेल का म्हणून मी जागी राहिले. ती गाढ झोपली.

मला तेव्हापासून वाटतं की भीती अंधाराची तितकी नसते, अनोळखीपणाची असते. त्या लाल डोळ्यांच्या सांगाड्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं, खाण्यापिण्याची आवडनिवड नव्हती. आईच्या भुतांना सगळं आहे. लहानपणी मला हे का नाही सांगितलंस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, सांगायचे, पण तू कान झाकून बसायचीस.

खेळायचं कसं हेही आईनेच नीट शिकवलं. मी हाताला येईल ते जागा दिसेल तिथे सोडायची. ती म्हणाली, “मोठ्यांका कोपऱ्यात बसव, बारक्यांका त्यांच्या कडेन रांगेन सोड.” फराळाचा डबा भरावा तसं. दोन कवट्या जुळल्या की मुंजा फुगतो आणि शेजारच्या घुबडाला ढोसतो, त्या ढोसण्याचाही ती हिशेब करते. मला चार महिन्यांत दोनदा भोपळा झाला, तिला ऑगस्टातच पाच.

आणि आजची संध्याकाळ! शाळांना या आठवड्यात सुट्टी, त्यामुळे चिऊ सकाळपासून तयारीत. नेहमीचं परीचं झगझगीत फ्रॉक बाजूला. माझी आजेसासऱ्यांची घोंगडी, नवऱ्याचा ट्रेकिंगचा सोटा, त्याला गणपतीतल्या झांजेचा गोंडा बांधलेला, आणि पायात बाबाच्या दहा नंबरच्या कोल्हापुरी. फटक फटक आवाज करत ती रस्त्याने पुढे, आम्ही मागे. तो सांगाडा यंदाही होता. हसला. ती थांबली, काठी दोनदा आपटली आणि म्हणाली, “मी राखणदार आहे.” मराठीत! मग पुढे होऊन दार वाजवलं.

कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा डोनेगल काउंटीचे. त्यांनी विचारलं, तू कोण? तिने सगळं सांगितलं, रोटासकट. ते दारातच खुर्ची ओढून बसले. म्हणाले, आमच्या लहानपणी भोपळे नव्हते, आम्ही सलगम कोरायचो. इतकं कठीण की चमच्याने पोखरायला अख्खी संध्याकाळ जायची आणि मेणबत्ती लावली की सलगम करपल्याचा वास यायचा. इथले लोक अमेरिकेत गेले तेव्हा त्यांना भोपळा सापडला, मोठा आणि मऊ. मेयो काउंटीतल्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या एका सलगमाची प्लास्टरची प्रतिकृती आहे, भेदरवणारा चेहरा आहे अगदी. मग त्यांनी जॅकची गोष्ट सांगितली. त्याला स्वर्गात घेतलं नाही, नरकातही घेतलं नाही, सैतानाने फेकलेला एक निखारा सलगमात ठेवून तो अजून अंधारात वाट शोधत फिरतो.

चिऊ गप्प झाली. मला वाटलं, झालं, आता रात्रभर जागरण. पण ती म्हणाली, “म्हणजे त्याला देवचार भेटलाच नाही.” आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हातातली अख्खी बशी तिच्या पिशवीत रिकामी केली. त्यात त्यांच्याकडचा बार्मब्रॅकचा एक तुकडाही होता, बेदाणे घातलेला गोडसर पाव. घरी येऊन तिने तो खाल्ला नाही. हा रोट आहे, असं म्हणून खिडकीत ठेवून दिला.

तर आता डाव असा आहे. डाव्या कोपऱ्यात एक भोपळा, उजवीकडे दुसरा, आणि दोघांच्या मधे तळाला एक गोळी अडकलेली. सर्वांत बारकी वस्तू आणि तिनेच सगळं अडवून धरलंय. वरून दुसरी गोळी तिथपर्यंत पोचत नाही. दोन भोपळे टेकले तर दोन्ही नाहीसे होतात आणि पेटी मोकळी होते. मी उजव्या बाजूला मांजर जुळवून भोपळ्याला हलका धक्का द्यायचा प्रयत्न करतेय. तीनदा केला. केसभर सरकला.

इतक्यात आईचा आवाजी निरोप आला. तिकडे पहाटेचे चार, आज लक्ष्मीपूजन, ती उठलेली. मागे चुलीवर पाण्याचा आवाज. “माझो आणि एक भोपळो झालो. चिऊक सांग. आणि ती काठी घरात नको, दाराकडे ठेव.”

फोन ठेवला. चिऊच्या उशाशी असलेली काठी उचलली, गोंडा वाजू नये म्हणून मुठीत धरला, आणि खाली जाऊन दाराशी उभी करून आले.