आधी आंघोळ, मग लेकरू
परवा हे कपाशीवर फवारणी करून आले. पंप ओसरीत टेकवला न टेकवला, तोच आमचा 3 वर्षांचा पोट्टा धावत जाऊन त्यांच्या पायाला बिलगला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, औषधाचा उग्र वास. माझी भाकर तव्यावरच राहिली. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं धडधाकट माणसं गेली. हा तर 12 किलोचा जीव! वजनाच्या मानानं लेकरू मोठ्यांपेक्षा जास्त श्वास घेतं, हात सारखा तोंडात, विष निपटणारं यकृतही कोवळं. लगेच साबणानं न्हाऊ घातलं. आता यांच्या आंघोळीची बादली गोठ्याजवळच असते, फवारणीचे कपडे वेगळे धुते. औषधाचा रिकामा डबा सासूबाईंना मिठासाठी हवा होता. मी त्याला भोकं पाडली, बोलणी खाल्ली.