दार बंद, फोन ड्रॉवरमध्ये

चाकणला एका ॲल्युमिनियम डायकास्टिंग कंपनीत, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून पार्ट बनवतात तिथे, प्रॉडक्शन बघतो मी. तीन शिफ्ट, पावणेदोनशे माणसं, आणि मागच्या वर्षीपर्यंत माझा दिवस म्हणजे नुसती उत्तरं देणं. मशीन का उभंय, गाडी कधी सुटणार, ऑपरेटर आला नाही तर कोणाला लावू, बारा व्हॉट्सॲप ग्रुप, आणि घरी जेवताना पण ताटाशेजारी फोन. कामचुकारपणा नव्हता हो, उलट मला वाटायचं हेच काम.

तेव्हा कस्टमरकडून माल परत येत होता. पार्टवर कोल्ड शट, म्हणजे धातूचे दोन प्रवाह नीट एकजीव होत नाहीत आणि तिथे बारीक रेघ राहते. आमच्या रिपोर्टमध्ये मात्र रिजेक्शन, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेले पार्ट, एकदम कमी. तीन आठवडे मी क्वालिटीवाल्यांवर ओरडत होतो, मेंटेनन्सवर ओरडत होतो, रोज नवीन ॲक्शन प्लॅन आणि माल परत येतोच आहे.

मग एका गुरुवारी, आमच्याकडे गुरुवारी वीकली ऑफ, मी एकटाच कंपनीत गेलो. शॉप शांत. फर्नेसचा आवाज नाही, हॉर्न नाही, फक्त वर पत्र्यावर कबुतरं. फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि तीन आठवड्यांची तासातासाची प्रॉडक्शन शीट टेबलावर ओळीने मांडली. पहिली वीस मिनिटं काहीच सुचलं नाही, हात सारखा ड्रॉवरकडे. मग एक गोष्ट दिसली आणि पोटात गोळाच आला. जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासात रिजेक्शन शून्य, रोज शून्य, तिन्ही शिफ्टला. आता हे होऊच शकत नाही ना, मशीन अर्धा तास उभं राहिलं की डाय, म्हणजे साचा, थंड पडते, पुन्हा तापेपर्यंतचे पहिले चार-पाच शॉट, म्हणजे त्या थंड डायमधून निघालेले पार्ट, भट्टीतच परत टाकायचे असतात. पोरं ते शॉट चांगल्या मालात टाकत होती.

आणि का टाकत होती? कारण सकाळच्या मीटिंगमध्ये ज्याचा रिजेक्शनचा आकडा जास्त त्याला मी सगळ्यांसमोर उभं करायचो. डायचा दोष नव्हता, ऑपरेटरचा पण नव्हता. माझा होता. हे मला कुठल्याही मीटिंगमध्ये कळलं नसतं कारण मीटिंगमध्ये बोलणारा मीच.

त्या आठवड्यात वॉर्म-अप शॉटला वेगळा लाल क्रेट लावला, त्याची मोजदाद वेगळी, त्यावर कोणाला काही विचारायचं नाही असं मी स्वतः शॉपवर जाऊन सांगितलं. कागदावर रिजेक्शन वाढलं. कस्टमरचे फोन थांबले.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहा ते सात टूल रूमच्या मागच्या छोट्या खोलीत बसतो. एक लाँगबुक, एक पेन, दाराला आतून कडी. सगळ्यांना सरळ सांगून टाकलंय की अपघात किंवा आग असेल तरच दार वाजवा. सुरुवातीला लोकांना वाटलं साहेब आजारी आहेत की काय, आमच्याकडे गप्प बसलेला माणूस म्हणजे एकतर आजारी नाहीतर राजीनामा देणार!

ओळखीचे मॅनेजर म्हणतात, तुला जमतं, आम्हाला वेळ कुठे. मला तेव्हा नेहमी गांधीजी आठवतात. सोमवार त्यांचा मौनाचा. 2 जून 1947, फाळणीची योजना समोर, व्हाइसरॉय माउंटबॅटन भेटायला बोलावतात आणि वार नेमका सोमवार. गांधीजी गेले, पण बोलले नाहीत, वापरलेल्या पाकिटांच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून उत्तर दिलं. देश तुटायची वेळ आली तरी त्या माणसाने सोमवार सोडला नाही आणि आपण म्हणतो डिस्पॅच आहे.

रोज काही सापडतंच असं नाही, हे पण खरं सांगतो. कित्येक सकाळी पान कोरं राहतं, कधी घरचंच डोक्यात येतं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पोराचा बारावीचा अभ्यास, तर तेही लिहितो. पण आधी जसं दुपारी तीनला डोकं भणभणायचं आणि कोणावर तरी खेकसायचो ते खूप कमी झालंय, सुपरवायझर आता वाईट बातमी पण स्वतःहून आणून देतात.

उद्याच्या पानावर प्रश्न आत्ताच लिहून ठेवलाय. थर्ड शिफ्टला सुपरवायझर कोणाला करायचं. नावं दोन आहेत, एकाचा हात चांगला आहे आणि दुसऱ्याचं पोरं ऐकतात.