त्याला खायला काय घालू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: काहीही नको. साखरेचं पाणी नको, मध नको, पिकलं केळं तर मुळीच नको. त्याला खाणारं तोंडच नाही.

पाऊस स्थिरावला की माझ्या फोनवर हा प्रश्न यायला लागतो आणि चतुर्थी होऊन गेली तरी थांबत नाही. सगळे गोव्यातलेच: वाळपई, साखळी, डिचोली, कधी फोंड्याहून. आधी फोटो येतो. पडवीच्या भिंतीवर, ट्यूबलाइटखाली बसलेला वीतभर रुंद तांबूस पतंग, पंखांत पारदर्शक त्रिकोणी खिडक्या. मापासाठी शेजारी धरलेला कुणाचा तरी हात, तोही जरा अंतर राखून. आणि मग: "टीचर, हाका खावपाक कितें दिवचें?"

बाकीचेही प्रश्न असतात. विषारी आहे का? नाही. चावेल का? कशाने चावणार? घरात आला हे शुभ की अशुभ? ते भटजींना विचारा. पण खाण्याच्या प्रश्नाचं मला कौतुक आहे. दारात आलेल्याला आधी जेवणाचं विचारायची आपली रीत पतंगापर्यंत पोचते, हे काही वाईट नाही. फक्त हा पाहुणा जेवून आलेला असतो. आयुष्यभराचं जेवून आलेला असतो. तो कुठे जेवला, ते विचारण्यासारखं आहे.

मी शिकवायचे वनस्पतिशास्त्र. पानं कोण खातंय हे बघता बघता पतंगांकडे वळले. त्यामुळे माझी उत्तरं झाडांकडे झुकतात, हे आधीच सांगून ठेवते.

तुमच्या भिंतीवरचा बहुधा अ‍ॅटलास मॉथ. पंखांची रुंदी २४ सेंटिमीटरच्या आसपास, कधी त्याहून जास्त. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या अ‍ॅटलासला अभ्यासक आता वेगळी जात मानतात, पण पडवीत उभं राहून तेवढा फरक करायची गरज नाही. त्याचं कुळ सॅटर्निडी, म्हणजे रानरेशमी पतंगांचं. २०१८ साली जगभरची यादी झाली तेव्हा या कुळात साडेतीन हजारांच्या आसपास जाती मोजल्या गेल्या, त्यातल्या निम्म्याहून अधिक अमेरिका खंडाच्या उष्ण भागातल्या. रंग, आकार, शेपट्या, डोळ्यांसारखे ठिपके, सगळ्यांची तऱ्हा वेगळी. एक गोष्ट मात्र या कुळाची ओळखच: पूर्ण वाढलेला पतंग जेवत नाही. सोंड झडून नावापुरती उरलेली असते. सुरवंट असताना महिना-सव्वा महिना जी पानं ओरपली, त्यांच्या चरबीवर आठवडाभर तग धरायचा, जोडीदार गाठायचा, अंडी घालायची. संपलं.

त्या उरल्यासुरल्या तोंडाचंही एक काम असतं आणि ते मला फार आवडतं. टसर रेशीम देणाऱ्या पतंगाच्या भाईबंदांवर काम करणाऱ्या कॅफॅटोस आणि विल्यम्स या दोन संशोधकांनी १९६४ साली दाखवलं, की कोशातून बाहेर पडताना पतंग तोंडाच्या अवशेषातून एक पाचक द्रव सोडतो. त्याने रेशमाचे धागे चिकटवणारा डिंक विरघळतो, धागे सुटतात आणि वाट होते. म्हणजे तोंड आहे ते जेवायला नाही, दार उघडायला. तेही एकदाच.

आता झाडांकडे येते. राज्यवृक्ष म्हणून माट्टीचं नाव गोव्यातल्या प्रत्येक पोराने परीक्षेत लिहिलेलं असतं; महाराष्ट्रात त्यालाच ऐन म्हणतात. सत्तरीत, मोलेत, नेत्रावळीच्या रानात हवा तेवढा. टसरचा सुरवंट या माट्टीवर जेवतो. हिरवागार, जाडजूड, पानांत असा मिसळतो की खाली पडलेल्या लेंड्या दिसल्याशिवाय वर कुणी आहे हे कळत नाही. (रानात सुरवंट शोधायचा तर मान खाली घालून शोधावा. हे मी मुलांना सांगायचे तेव्हा ती हसायची.) पोट भरलं की तो कोश विणतो, पण नुसता पानाला चिकटवत नाही. आधी रेशमाचा चिवट देठ करतो, त्याचं कडं डहाळीभोवती आवळतो आणि त्याला कोश टांगतो. उन्हाळ्यात माट्टीची पानं गळून जातात, कोश तिथेच. लांबून वाळकी सुपारी लटकल्यासारखी दिसते. आत प्राणी झोपलेला, पावसाची वाट बघत.

हा कोश किती कठीण असावा? १८३०च्या दशकात कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या या किड्यावर लिहिलं. इथले लोक कोश गोल गोल कापून त्याची लांब वादी काढतात आणि तिने तोड्याच्या बंदुकीची नळी दस्त्याला बांधतात, अशी नोंद त्यात आहे. कातड्याच्या वादीचं काम कोश करायचा.

आणि हाच तो मुकटा. पूजेला सोवळ्यात नेसतात तो टसरीचा. आमच्याकडे टसरची शेती कुणी करत नाही. ते काम विदर्भात, भंडारा-गडचिरोलीकडे. तिथे ढिवर समाजातली कुटुंबं रानातल्या ऐनावर सुरवंट सोडतात आणि पाखरांपासून राखत बसतात. करवतकाठी साडी येते ती त्या कोशाची. आसामचा मुगा आणि एरीही याच कुळातले. आपल्या पैठणीचं रेशीम मात्र तुतीच्या किड्याचं, ते कुळच निराळं. माझ्या एका नातेवाईक काकांना मी हे सांगितलं, की कोश उकळल्याशिवाय मुकट्याचा अखंड धागा निघत नाही आणि उकळताना आत जीव असतो. ते म्हणाले, "सोवळ्यात असले विषय काढू नयेत." बरोबर आहे.

दुसरा पाहुणा मून मॉथ. फिकट पोपटी, मागच्या पंखांना लांब शेपट्या. याचा फोटो येतो तेव्हा प्रश्नाआधी दोन-तीन बदामाचे इमोजी असतात. याचा सुरवंट ज्या झाडांवर जेवतो त्यात मोई आहे, कुणी शेमट म्हणतं. मोईची फांदी तोडून रोवली की जगते, म्हणून गावात वई, म्हणजे कुंपण, घालायला ती चालायची. आता वई जाऊन चिऱ्यांचं कंपाउंड येतं. त्यावर शोभेची म्हणून जी रोपं नर्सरीतून आणून लावतात, त्यांतल्या बहुतेकांचं पान इथला एकही सुरवंट तोंडात धरत नाही. बागेला कीड लागत नाही म्हणून घरवाले खूश असतात. मी नसते.

त्या शेपट्यांचं काम काय, यावर २०१५ साली अमेरिकेत एक सुरेख प्रयोग झाला. तिथला लूना मॉथ हा आपल्या मून मॉथचा चुलतभाऊ. काही पतंगांच्या शेपट्या कापल्या, काहींच्या ठेवल्या आणि काळोखात वटवाघळांसमोर सोडले. बिनशेपटीचे शंभरातले ८१ पकडले गेले, शेपटीवाले ३५. फडफडणाऱ्या, पीळदार शेपटीवरून येणारा प्रतिध्वनी वटवाघळाला चकवतो. निम्म्याहून अधिक झडपा शेपटीवरच पडतात. शेपटी तुटते, पतंग निसटतो. तेव्हा तुटक्या शेपटीचा फोटो पाठवून "बिचारा अपंग" असं लिहू नका. तो जिंकून आलाय.

हेच अ‍ॅटलासच्या पंखांच्या टोकांबद्दल. पुढच्या पंखाचं टोक म्हणजे हुबेहूब सापाचं डोकं, अशी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी चित्रं तुम्ही पाहिली असतील. दिवसा पाखरं त्याने बिचकत असतील, नाही म्हणत नाही. पण मला ती गोष्ट जरा जास्तच रंगवलेली वाटते. २०२१ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की या कुळातल्या काही पतंगांच्या पंखांच्या टोकांवरच्या घड्या आणि वळ्या वटवाघळाच्या आवाजाला जोरात परत फेकतात, अंगापेक्षाही जोरात. म्हणजे हल्ला टोकावर यावा, पोटावर नको. सापाचं डोकं आपल्याला दिसतं, कारण आपण डोळ्यांनी बघतो. त्याचा रातचा वैरी कानाने बघतो.

विषारी आहे का, या प्रश्नाला मघाशी मी फटकन नाही म्हटलं. पतंगापुरतं ते खरं. सुरवंटांचं तसं नाही. ब्राझीलकडे लोनोमिया नावाचा याच कुळातला सुरवंट आहे, त्याच्या काट्यांच्या विषाने रक्त गोठणं बिघडतं आणि माणसं दगावलेली आहेत. त्यावर तिथे प्रतिविष तयार करतात. उलट आफ्रिकेच्या दक्षिण भागात मोपाने झाडावरचे सुरवंट लोक गोळा करतात, वाळवतात आणि चवीने खातात. आपल्याकडे जपायचं ते याच कुळातल्या क्रिकुला पतंगाच्या सुरवंटाला. लालसर, केसाळ, घोळक्याने राहणारा, हाताला लागला की खाज. हा आंब्यावर जेवतो आणि काजूवरही. गंमत बघा, काजू आपला नव्हेच, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला. इथल्या पतंगाने परकं झाड ताटात घेतलं. काजूवाल्यांना त्यात गंमत वाटत नाही, आणि ज्याची झाडं बोडकी होतात त्याला मी पतंगप्रेम शिकवायला जात नाही. त्याचे कोश मात्र एकदा बघाच: सोनेरी, जाळीदार, आतला प्राणी आरपार दिसतो. इंडोनेशियात त्यापासून सोनेरी धागा काढतात.

मग पडवीतल्या पाहुण्याचं करायचं काय? दिवा मालवा. एवढंच.

पतंगाला दिवा आवडतो म्हणून तो येतो, असं नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं, की उडणारे किडे पाठ उजेडाकडे ठेवतात. लाखो वर्षं रात्री उजेडाची बाजू म्हणजे आकाश, म्हणजे वर. त्यावरून त्यांना सरळ उडता यायचं. बल्ब शेजारी आला की पाठ बल्बकडे वळते आणि पतंग त्याच्याभोवती फिरत राहतो, सुटू शकत नाही. ज्याच्याकडे आठवडाभराचीच शिदोरी आहे त्याची एक रात्र अशी जाणं म्हणजे फार झालं. दिव्यावर येणारे जास्त करून नर असतात. मिशा बघा, रुंद पिसांसारख्या असल्या तर नर. मादी कुठेतरी कोशाजवळ बसून वासाने बोलावत असते आणि तो त्या वासाच्या मागावर निघालेला असतो. फ्रान्समध्ये कीटकांचे अभ्यासक फाब्र यांच्या घरी मोठ्या पीकॉक मॉथची मादी कोशातून निघाली, तेव्हा एका रात्रीत चाळीसेक नर तिला शोधत आले होते. ते घरही झाडीत होतं. चार बाजूंनी हायमास्ट दिव्यांचे उंच खांब असते तर किती पोचले असते?

आता अंडी. डिचोलीच्या एका वहिनींचा फोन होता, की रात्री आलेल्या पतंगाने पडद्यावर तांबूस दाणे चिकटवून ठेवलेत. मादी वेळ आली की जिथे असेल तिथे घालते, पडदा की पान बघत नाही. ते खरवडू नका. पडद्याला कात्री लावायची तयारी असेल तर तेवढा तुकडा कापा, नसेल तर पडदा तसाच राहू द्या. दहाएक दिवसांत अंडी फुटतात. मग ती इवलीशी काळपट-पांढरी पिल्लं मऊ ब्रशने पेरूवर किंवा कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, दालचिनीवर सोडा. औषध मारलेल्या झाडावर नको. पुढे मुंग्या, गांधीलमाश्या, पाखरं त्यांतली बहुतेक खाणार आहेत, आणि ते ठीक आहे. मादी शे-दोनशे अंडी घालते ती उगाच नव्हे.

कोश सापडला तर घरात, पंख्याखाली आणू नका. डहाळीसकट बाहेर सावलीत टांगा, पावसाची झड लागली तरी चालेल. आणि पुढच्या खेपेला फोटो पाठवाल तेव्हा पतंगाचा एकच पुरे. उरलेले घराभोवतीच्या झाडांचे पाठवा, पान दोन्ही बाजूंनी, देठासकट.