व्हॅनिटी व्हॅन : निरंक

बारा महिन्यांची बारा फुलं जलरंगात करायची, असं जानेवारीत ठरवलं. काटेसावर, पांगारा आणि बहावा रस्त्याकडेला उभं राहूनच झाले. उर्वशीच्या फुलांसाठी राणीबागेत दोन सकाळी मांडीवर पॅड घेऊन बसले, कुणी हटकलं नाही. (राणीबाग बुधवारी बंद असते. मी पहिल्यांदा बुधवारीच गेले होते.) अडलं ते ताम्हणापाशी.

आमच्या भागातल्या एका बागेत ताम्हणाचं झाड आहे. त्याची एक फांदी इतकी खाली आलेली की घोस थेट डोळ्यांसमोर यायचा. ताम्हणाच्या सहा पाकळ्या धुऊन पिळून ठेवलेल्या मलमलीसारख्या चुरगळलेल्या असतात, आणि ताजं फूल जांभळं असलं तरी दोन-तीन दिवसांत फिकट होत पांढुरकं होतं. म्हणजे एकाच घोसात जांभळ्याच्या तीन छटा. मॅजेंटात अल्ट्रामरीन किती, हे फोटोवरून कळत नाही. तिथं बसावंच लागतं.

मी ईझल, म्हणजे चित्राचा स्टँड, उभा केला आणि वॉचमन आला. "मॅडम, ट्रायपॉड अलाउड नाय. परमिशन आणा." हा ट्रायपॉड नाही, म्हटलं. "तीन पाय हायत ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१८ एप्रिलला अर्ज घेऊन कार्यालयात गेले. अर्जात 'चित्र काढण्यासाठी' लिहिलं होतं. टेबलावरच्या बाईंनी ते वाचून चित्रीकरणाचा फॉर्म पुढे सरकवला. चित्रपट, मालिका की जाहिरात? युनिटमध्ये माणसं किती? जनरेटर? व्हॅनिटी व्हॅनची संख्या? मी म्हटलं, अहो, मी एकटी, एक डबा पाणी आणि चार ब्रश. "मग सगळीकडे निरंक लिहा. कोरं सोडलंत तर परत येतं."

लिहिलं. आठवड्यानं फॉर्म परतच आला. 'दिग्दर्शकाचे नाव' यापुढे निरंक चालत नाही म्हणे. तिथं माझं नाव घातलं. मग अनामत किती, यावर फाइल वर गेली. साहेब मात्र छाटणीवर होते. पावसाळ्याआधी मुंबईभर फांद्या तोडायची घाई असते, ते मलाही कळतं, पण पाच फेऱ्यांत एकदाही खुर्चीत माणूस दिसू नये? १ मे आला. महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छांसोबत प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर राज्यफुलाचे, म्हणजे ताम्हणाचेच, फोटो फिरत होते आणि मी कार्यालयातल्या बाकड्यावर बसून पंख्याच्या फेऱ्या मोजत होते.

एक सांगायचं राहिलं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक पहिल्याच दिवशी घ्या. मी घेतला नव्हता, म्हणून तिसऱ्या फेरीला "असा अर्जच नाही" हे ऐकावं लागलं. आणि खरं म्हणजे ईझल नेऊच नका. राणीबागेसारखं मांडीवर पॅड ठेवलं असतं, तर त्या वॉचमननं बघितलंही नसतं. पण एकदा अर्ज केल्यावर मीही हट्टाला पेटले होते.

९ जूनला कागद मिळाला, पंधरा दिवसांसाठी. बागेत गेले तर ती खालची फांदी नव्हती. तिच्या जागी खोडावर बशीएवढा गोल, ओलसर काप होता. छाटणी झाली होती. वॉचमननं या वेळी परवाना मागितला, दोनदा वाचला आणि आतून स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. आभाळ भरून आलं होतं, हवेत इतका दमटपणा की पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, वीस मिनिटं वाळेना, कडा पसरत गेल्या. तरी बसले आणि जूनच्या पानावर तो काप काढला.

मेचं पान तसंच आहे. कोरं सोडलं तर परत येतं, म्हणून कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : निरंक.