सल्फाइटशिवाय वाइन : ५०० किलो द्राक्षांचा माझा अनुभव

नॅचरल वाइन म्हणजे द्राक्षं ठेचायची, पिंपात टाकायची आणि हातावर हात ठेवून बसायचं, असा समज बराच पसरलेला आहे. हातावर हात ठेवून बसलं की व्हिनेगर होतं. पाकिटातलं यीस्ट नाही, एन्झाइम नाहीत, वरून साखर-आम्ल नाही, सल्फाइट (वाइन बिघडू न देणारं गंधकयुक्त संरक्षक) जवळपास नाहीच. म्हणजे चूक निस्तरायला हाताशी काही उरत नाही. म्हणून सगळी मेहनत आधी करावी लागते, बागेत आणि भांडी घासण्यात. पुढचं सगळं ५०० किलो काळ्या द्राक्षांच्या रेड वाइनला धरून आहे.

भुरीसाठी सेंद्रिय बागेत गंधक चालतं, पण तोडणीच्या आधी किमान पाच-सहा आठवडे मी ते बंद करतो. सालीवर उरलेल्या गंधकाचं आंबताना हायड्रोजन सल्फाइड होतं आणि पिंपाला सडक्या अंड्याचा वास मारतो. तांब्याची फवारणीही उशिरापर्यंत रेटायची नाही. रसात तांबं जास्त उतरलं की यीस्ट मंदावतं.

तोडणी कधी करायची, हे ठरवताना सगळे ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) बघतात, मी आधी पीएच (आम्लतेचं माप; आकडा चढला की आम्लता कमी) बघतो. २२-२३ ब्रिक्स आणि ३.४ च्या आसपास पीएच असला की मी तोडतो. ब्रिक्सला साधारण ०.५७ ने गुणलं की होणारं अल्कोहोल कळतं, म्हणजे २३ ला १३ टक्के. साली रसात भिजल्यावर आणि पुढे मॅलिक आम्ल (द्राक्षातलं एक तीव्र आम्ल) गेल्यावर पीएच आणखी ०.१ ते ०.२ चढतो. तो ३.७ च्या वर गेला की बॅक्टेरियांना रान मोकळं. दोन ब्रिक्स जास्त मिळतील म्हणून थांबलेल्यांची वाइन पुढे बिघडते ती बहुतेक याच कारणाने.

तोडणीच्या पाच-सहा दिवस आधी विरजण लावतो. दह्याचं आणि याचं तत्त्व एकच. बागेतल्या सगळ्यात निरोगी घडांतली २० किलो द्राक्षं घ्यायची, म्हणजे एकूण मालाच्या ४ टक्के. ती एकाच भांड्यात नव्हे, १०-१० किलोच्या दोन बादल्यांत ठेचायची, वर घट्ट विणीचं कापड बांधायचं आणि २२ ते २५ अंशांत ठेवायची. दिवसातून तीनदा ढवळायचं. तिसऱ्या दिवशी कडेने बारीक बुडबुडे धरतात, चौथ्या-पाचव्या दिवशी साली वर येतात. घनता (पाण्याची १ धरून; साखर संपते तशी ती उतरते) १.०९५ वरून १.०४० च्या आसपास उतरली की विरजण तयार. वास ब्रेडच्या मळलेल्या पिठासारखा किंवा पिकल्या फळासारखा हवा. नेलपॉलिशसारखा तीव्र वास आला, तर ती बादली बागेबाहेर ओतायची, दुसरी वापरायची. दोन्ही बिघडल्या तर नव्याने लावायचं. खराब विरजण ‘पुढे सुधारेल’ म्हणून घालणं म्हणजे ५०० किलोंवर पाणी सोडणं.

तोडणी पहाटे करायची, १०-१२ किलोच्या उथळ क्रेटमध्ये. खोल क्रेटमध्ये खालचे मणी फुटतात आणि रस्त्यातच आंबायला लागतात. निवडताना डोळ्यांइतकंच नाक वापरायचं. आंबूस वासाचा एक घड क्रेटमध्ये असला, तर तो सापडेपर्यंत क्रेट पुढे सोडत नाही.

देठ काढून, मणी हलके फोडून, २२० लिटरच्या तीन पिंपांत माल भरतो. प्रत्येक पिंप पाऊण भरायचं, कारण साली वर उचलल्या जातात. विरजण तिन्हींत वाटून टाकायचं. दीड-दोन दिवसांत चोथ्याची जाड टोपी तयार होते. ही टोपी म्हणजे बिघाडाची पहिली जागा. तिच्यात हवा, ऊब आणि अल्कोहोल तिन्ही असतं, व्हिनेगर करणाऱ्या ॲसिटिक बॅक्टेरियांना तेवढंच लागतं, आणि चिलटं त्यांना घेऊनच येतात. म्हणून दिवसातून तीनदा टोपी पूर्ण दाबून रसात बुडवायची, पिंपाच्या कडा पुसायच्या, कापड बदलायचं. तापमापक टोपीत खुपसूनच बघायचा, खालच्या रसापेक्षा ती चार-पाच अंश गरम असू शकते. ३० च्या वर गेली तर गोठवलेल्या पाण्याच्या बंद बाटल्या, बाहेरून नीट धुऊन, आत सोडतो.

अंड्याचा वास आलाच, तर बहुतेक वेळा यीस्टला नायट्रोजन कमी पडलेला असतो. पहिल्या एक तृतीयांश आंबवणीत उपाय सोपा आहे : खालून रस काढायचा, उंचावरून बादलीत पडू द्यायचा, परत वर ओतायचा. नंतर हवा देणं बंद. तो वास तसाच राहू दिला तर पुढे लसूण-रबराच्या वासात बदलतो आणि मग हवेनेही जात नाही.

एक लिटर रसातून पन्नास लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो जमिनीलगत साचतो. पिंपात डोकं घालून वास घ्यायचा नाही. दारं उघडी ठेवायची, कार्बन डायऑक्साइडचा मीटर कमरेच्या उंचीवर लावायचा. मेणबत्ती विझेपर्यंत वाट बघण्याची जुनी रीत धोक्याची आहे. ज्योत विझण्याच्या आधीच माणूस भोवळून पडू शकतो.

आंबवण सुरू झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर रसातून ब्रिक्स दाखवणारं उपकरण) कपाटात ठेवायचा, अल्कोहोलमुळे तो चुकीचं दाखवतो. घनता मोजणारा हायड्रोमीटर ०.९९५ च्या खाली तीन दिवस स्थिर राहिला की चोथा दाबायला घेतो. घनता १.०१० ला अडकली तर खोली २३-२४ अंशांवर आणायची आणि जोरात चालू असलेल्या दुसऱ्या पिंपातला रस थोडा थोडा मिसळायचा. अडकलेल्या गोड वाइनमधली साखर लॅक्टिक बॅक्टेरिया खातात आणि ॲसिटिक आम्ल करतात, म्हणून इथे दिरंगाई नको.

बास्केट प्रेसमधून सुमारे ३२० लिटर निघते. शेवटचा, जोर लावून काढलेला रस वेगळा ठेवायचा. बाकीची २२५ लिटरच्या बॅरलमध्ये, उरलेली लहान-मोठ्या काचेच्या बरण्यांत, काठोकाठ. दर पंधरा दिवसांनी बॅरलची तूट बरणीतून भरून काढायची आणि उरलेली वाइन लगेच त्याहून लहान बरणीत काठोकाठ घ्यायची. अर्धी बरणी म्हणजे आठवडाभरात वर पांढरी साय. खोली १८ ते २० अंशांत ठेवली की मॅलिक आम्लाचं लॅक्टिक होतं. ते संपलं का, हे कागदी क्रोमॅटोग्राफीने (कागदावर आम्लांचे वेगवेगळे ठिपके पाडणारी चाचणी) बघायचं. मॅलिकचा ठिपका दिसतो आहे तोवर बाटल्या भरायच्या नाहीत, नाहीतर तेच काम बाटलीत होतं, वाइन फसफसते आणि बुच उडतं.

सगळ्यात फसवा दोष ‘उंदराचा वास’. ग्लासात कळत नाही. गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी, लाळेने आम्लता उतरल्यावर, घशाशी उंदराच्या पिंजऱ्याची चव येते. मी २० मिलिलिटर वाइनमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून हुंगतो. शिवाय भरण्याआधी अर्धी बाटली उघडी ठेवून पाच दिवस रोज चाखतो. दोष दिसला तर भरणं लांबवायचं. काही महिन्यांत कधीकधी तो आपोआप जातो, आणि कधीकधी जात नाही.

पीएच ३.७ च्या वर असेल तर मी हट्ट करत नाही. लिटरला २० मिलिग्रॅम सल्फाइट घालतो, म्हणजे ३०० लिटरला साधारण १०.५ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. फ्रान्समधल्या नॅचरल वाइनच्या ‘व्हँ मेथोद नात्यूर’ सनदेतही ३० मिलिग्रॅमपर्यंतची वेगळी मोहोर आहे. कर्मठ मंडळी नाक मुरडतात.

गाळण नाही, त्यामुळे बाटलीच्या तळाशी गाळ बसणारच. ४०० च्या आसपास बाटल्या होतात. बॅरलच्या तळातली शेवटची दहा लिटर व्हिनेगरसाठी वेगळी काढतो, आणि ती बरणी वाइनच्या खोलीत कधीच ठेवत नाही.