जुन्या के१००० चे मोल

जुना पेंटॅक्स के१००० हातात आला की मी त्याच्या चकाकीकडे सर्वांत शेवटी पाहतो. १९७६ ते १९९७ अशी २१ वर्षे बनत राहिलेल्या या कॅमेऱ्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक आहे आणि आतला बटणाएवढा सेल केवळ प्रकाश मोजणाऱ्या लाइट मीटरसाठी लागतो. त्यामुळे मीटर बंद पडलेला के१००० कमी किमतीत मिळत असेल, तर तो मी आनंदाने घेईन. कडक उन्हात अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातले प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ/१६ वर आणि शटरचा वेग फिल्मची संवेदनशीलता सांगणाऱ्या आयएसओच्या आकड्याजवळ, म्हणजे ४०० च्या फिल्मसाठी १/५०० सेकंद ठेवावा, हा जुना आडाखा लक्षात असला की मीटरवाचून फारसे अडत नाही.

शटरच्या बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. रोल नसताना भिंग काढून, मागचे झाकण उघडून कॅमेरा उजेडाच्या खिडकीकडे धरावा आणि १/१००० वर शटर सोडून मागून पाहावे. चौकट सगळीकडे सारखी उजळली, तर शटरचे पडदे नीट धावत आहेत. एका कडेला काळोख राहिला, तर त्या वेगाने काढलेल्या छायाचित्रांतही तो उतरेल. मग १ सेकंदाचा वेग लावून कान द्यावा, कारण आतले वंगण सुकलेले असले की तो सेकंद रेंगाळतो, कधी पडदा वाटेतच थांबतो. असा कॅमेरा कितीही कमी किमतीत मिळाला तरी मी त्याला स्वस्त म्हणत नाही. दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या किमतीला सहज मागे टाकतो.

भिंगात विजेरीचा प्रकाश पाडून पाहणे आपल्याकडे विशेष गरजेचे आहे. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या भिंगांत कोळिष्टकासारखी बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाऊन टाकते. झाकणाच्या खाचेतला, बाहेरचा उजेड अडवणारा पण आता चिकट झालेला फोम पाहून मात्र घाबरू नये. तो स्पिरिटने खरवडून मी घरीच बदलला आहे.

के१००० ला सेल्फ-टायमर नाही, मीटर बंद करण्याचा खटकाही नाही, तरी नावामुळे त्याचा भाव चढतो. त्याच के माउंटची, म्हणजे कॅमेऱ्याला भिंग जोडण्याच्या त्याच पद्धतीची, भिंगे घेणारा रिकोचा केआर-५ सुस्थितीत मिळाला, तर मी तो घेऊन वाचलेले पैसे रोल आणि त्यांच्या धुलाईसाठी ठेवतो.