बुधवारी गेलो, म्हणून सान सेबास्तियानो पाहिलं

रोममधली भुयारी दफनभूमी (कॅटाकोंब) म्हणजे सान कालिस्तो, एवढंच डोक्यात ठेवून निघालो. मेट्रोने चिर्को मास्सिमो, तिथून ११८ नंबरची बस (अर्धा तास ताटकळलो), आणि समोर बंद फाटक. बुधवारची सुट्टी! इथे कॅटाकोंबांचे सुट्टीचे वार वेगवेगळे. कालिस्तो बुधवारी बंद, दोमितिल्ला मंगळवारी. घरून निघायच्या आधी एकदा वेळापत्रक बघा.

आई म्हणाली, "आता आलोच आहोत तर पुढचं बघू." व्हिया आप्पिया या प्राचीन रोमन रस्त्यावरून दहा मिनिटांवर सान सेबास्तियानो, तेही कॅटाकोंबच. रस्ता अरुंद, पदपथ नाही, गाड्या अंगावरून जातात, जपून चाला.

'कॅटाकोंब' हा शब्दच मुळात या जागेचा. इथे खाणींचे खड्डे होते, त्यावरून 'खळग्यांपाशी' अशा अर्थाचं नाव पडलं आणि पुढे सगळ्याच भुयारांना चिकटलं. एकट्याने आत सोडत नाहीत. तिकिटातच गाइड असतो. बोळ जेमतेम खांद्यांएवढे रुंद, दोन्ही बाजूंना भिंतीत एकावर एक कोरलेले कप्पे. लहान मुलांचे कप्पे इतके, की आई गप्पच झाली. दगड टफचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला: खोदताना मऊ, हवा लागली की घट्ट होणारा. आपल्या लेण्यांच्या बेसाल्टपुढे हे काम सोपंच म्हणायचं. ख्रिस्ती लोक इथे लपून राहत, ही दंतकथा. जागा मृतांना पुरण्यासाठीच होती.

मला सगळ्यात आवडली ती एक गिलाव्याची भिंत. तिसऱ्या शतकात लोक इथे मृतांच्या स्मरणार्थ जेवायला जमत. श्राद्धाची पंगतच म्हणा ना. जेवून झालं की भिंतीवर टोकदार वस्तूने ओरखडत. पॉल आणि पीटर या ख्रिस्ती संतांना उद्देशून एक ओळ अशी: "पॉल आणि पीटर, व्हिक्टरसाठी मागणं मागा." घाईघाईत खरडलेली, वाकडी अक्षरं.

हाडं, कवट्या बघायच्या असतील तर इथे येऊ नका, निराशा होईल. उन्हाळ्यातही आत गारवा, तेव्हा शाल हवीच. फोटोला बंदी. खांदे-गुडघे झाकलेले असावेत. पायऱ्या बऱ्याच आहेत. आईच्या गुडघ्यांनी दुसऱ्या दिवशी हिशेब चुकता केला. बंद जागेत जीव घाबरत असेल तर वर थांबा. वरच्या चर्चमध्ये बर्निनी या शिल्पकाराने घडवलेला ख्रिस्ताचा अर्धपुतळा आहे, तो फुकट बघायला मिळतो.

वेळ उरला तर त्याच रस्त्याने थोडं पुढे जा, चेचिलिया मेतेल्ला या प्राचीन रोमन खानदानी बाईची गोल कबर लागते. आम्ही तिच्या सावलीत बसून थेपले खाल्ले.